कागद खाली घेतला की

तिने कागद खाली घेतला आणि बाबा हसले.

अगदी मोकळं हसले. मांडीवर थाप मारली, डोळ्यांच्या कडा बोटाने टिपल्या आणि मान हलवत म्हणाले,

"हे मात्र जमलंय हं, ठमे."

ठमीचं वय चाळीसला टेकलं होतं, पण बाबांच्या तोंडून ते नाव सुटण्याचं काही चिन्ह नव्हतं. तिने पेन्सिल घेऊन पानाच्या तळाशी एक टिंब दिलं आणि पुढचं पान तोंडासमोर धरलं. दुपार कलली होती. खिडकीचा पडदा वाऱ्याने आत यायचा, बाबांच्या खुर्चीच्या पाठीला लागायचा आणि सावकाश परत जायचा. कोपऱ्यात टीव्ही चालू होता, आवाज बंद करून. आवाजाने डोकं उठतं असं बाबांचं म्हणणं असल्याने त्या घरात बातम्या देणारी माणसं नुसती तोंडं हलवायची, वादळं मुकाट्याने यायची आणि सरकारं मुकाट्याने पडायची. ती वाचत होती. पान संपलं की कागद खाली घेत होती, आणि बाबा हसत होते. सात पानांना सात टिंबं झाली.

ही टिंबांची रीत ती नव्या कामावर शिकली होती. त्याआधी दहा वर्षं ती एका विमा कचेरीत पत्रं लिहायची. ज्यांचे दावे फेटाळले जात त्यांना ते गोड भाषेत कळवायचं, एवढंच काम. 'कळविण्यास खेद होतो' हे तिने इतक्यांदा लिहिलं होतं की खेद हा शब्द तिला एखाद्या जुन्या सहकाऱ्यासारखा वाटू लागला होता. त्याच कागदांच्या पाठीवर ती चोरून विनोदी प्रसंग लिहायची. त्यातला एक तिने धीर करून दर आठवड्याला लागणाऱ्या एका कौटुंबिक विनोदी मालिकेकडे धाडला, आणि काय आश्चर्य, तिकडून बोलावणं आलं. तीन महिने शिका, बघू, असं. कचेरीने बिनपगारी रजा दिली आणि खुर्ची राखून ठेवली. तीन महिन्यांत तिचा एक जरी प्रसंग मालिकेत घेतला गेला तर ती तिथली लेखिका, नाहीतर पुन्हा ती खुर्ची आणि तो खेद. अडीच महिने संपले होते. प्रसंग एकही घेतला गेला नव्हता.

लेखकांची खोली चित्रीकरणाच्या दालनाच्या वरच्या मजल्यावर होती, आणि तिथे जायची वाट मालिकेतल्या घरातूनच जात असे. तीन भिंतींचं घर. सहा पायऱ्यांचा जिना, तो छतापर्यंत पोचायच्या आत संपायचा. खिडकीमागे एक दिवा, त्याच्यावर पिवळा कागद लावला की सकाळ आणि तांबडा लावला की संध्याकाळ. भिंतीवरच्या घड्याळात कायम दहा वाजून दहा मिनिटं. पहिल्या दिवशी ह्या घरातून जाताना तिने दाराशी चपला काढल्या होत्या, आणि वरून कुणीतरी ते पाहिलं होतं. त्यानंतर आठवडाभर जो तो तिला विचारायचा, पाय धुतलेत का. पण तिला ते घर मनापासून आवडायचं. सकाळी कुणी नसताना ती क्षणभर त्या सोफ्यावर बसायची. चौथी भिंत नसलेल्या बाजूला काळोख असायचा, आणि त्या काळोखातून कुणीतरी आपल्याकडे मायेने पाहतंय असं तिला उगाचच वाटायचं.

वरच्या खोलीचे प्रमुख म्हणजे कात्रीसर. हे नाव त्यांना कुणी ठेवलं ते कुणाला आठवत नव्हतं, पण का ठेवलं ते सगळ्यांना माहीत होतं. त्यांचा नियम एकच. आपला प्रसंग आपण वाचायचा, आणि सपाट वाचायचा.

"गाड्यांचं वेळापत्रक वाचल्यासारखं वाचा," ते म्हणायचे. "आवाज काढून हसवलंत तर तो तुमचा गुण. मला कागदाचा गुण बघायचाय."

वाचताना खोलीतलं कुणी हसलं की कात्रीसर आपल्या प्रतीवर त्या ओळीपाशी पेन्सिलीने टिंब द्यायचे. शेवटी टिंबं बघायची. बिनटिंबाचं पान टोपलीत.

दुसऱ्या दिवशी तिने ती सात पानं वाचली. खोलीत टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. तिच्या शेजारी बसणारा, ज्याला सगळे लोणी म्हणत, तो एकदा खाकरला. लोणी कात्रीसरांच्या शिंकेलासुद्धा दाद द्यायचा, पण त्यालाही तिच्या पानांत हसायला जागा सापडेना.

कात्रीसरांनी हात पुढे करून तिची प्रत मागून घेतली. चष्मा कपाळावर सरकवला.

"ही टिंबं कुणाची?"

"मी घरी वाचून बघते, सर. वडिलांसमोर."

"आणि ते हसले?"

"पोट धरून."

कात्रीसरांनी पानं एकेक करून उलटली. मग पुन्हा पहिल्यापासून उलटली.

"खेदबाई," ते म्हणाले. विम्याच्या पत्रांमुळे खोलीत तिला हेच नाव पडलं होतं. "तुमचे वडील गमतीदार आहेत. विनोद वर कुठेतरी होतो आणि ते पान संपलं की हसतात."

सगळे हसले. त्या दिवशी तिला मिळालेला तेवढाच हशा. तीही हसली, कारण वाक्य चांगलं होतं. पण घरी येताना ते वाक्य तिच्या मनात खड्यासारखं खुपत राहिलं. बसस्टॉपवर उभी राहून तिने पानं काढली. सगळी टिंबं पानाच्या तळाशी होती. चौथ्या पानाच्या तळाशी तर विनोद सोडाच, मोलकरीण नुसता कप घेऊन जात होती.

घरी आल्यावर तिने चहा केला आणि रोजच्यासारखी बाबांसमोर बसली. टेबलावर हाताला लागला तो कागद उचलून तोंडासमोर धरला. एक ओळ वाचल्यावर तिच्या लक्षात आलं की ही इमारतीची सूचना आहे. ती थांबली नाही. का थांबली नाही ते तिला पुढेही नीट सांगता आलं नसतं.

"गुरुवारी सकाळी गच्चीवरील टाकी धुण्यात येणार असल्याने पाणीपुरवठा बंद राहील. रहिवाशांनी आदल्या दिवशी पाणी भरून ठेवावे. तसदीबद्दल क्षमस्व."

तिने कागद खाली घेतला.

बाबा हसले. मांडीवर थाप मारली.

"वा! शेवट तर फारच छान."

पडदा आत आला, खुर्चीला टेकला आणि परत गेला. तिने तोच कागद पुन्हा वर धरला, ओठांसमोर, आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली,

"बाबा, तुम्हाला ऐकू येत नाही ना?"

पलीकडे काहीच नाही. खुर्चीची कुरकुर तेवढी. तिने कागद खाली घेतला.

बाबा पुन्हा हसले.

हसता हसता त्यांची नजर तिच्या चेहऱ्यावर थांबली आणि हसू तिथेच अर्ध्यावर राहिलं. त्यांनी कागदाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. मग टेबलावरचा कप उगाच बशीच्या मधोमध नेऊन ठेवला.

तिने कागद बाजूला ठेवला. त्यांच्यासमोर तोंड आणून, मुळीच न ओरडता विचारलं,

"कधीपासून?"

"कापडाच्या कारखान्यात होतो तेव्हापासूनच. थोडं थोडं." बाबा तिच्या ओठांकडे बघत होते. ते नेहमी तसंच बघायचे. ती त्याला माया समजत आली होती, आणि ती माया नव्हती असंही नाही. "ह्या वर्षी जरा जास्तच झालं. समोरासमोर बोललं की कळतं गं मला. तू मध्ये कागद धरतेस."

"मग हसत का होता?"

बाबांनी खांदे उडवले.

"कागद खाली घेतलास की तू असं काही बघायचीस माझ्याकडे! न हसून सांगतो कुणाला?"

तिला रडू आलं, आणि त्याच वेळी हसूही आलं. अडीच महिन्यांची टिंबं तिच्या डोळ्यांसमोरून गेली. एकही टिंब विनोदाला नव्हतं. सगळी तिच्या तोंडाला होती.

"मला सांगायचं तरी," ती म्हणाली.

"मग तू मला वाचून दाखवलं नसतंस."

दोघं मुका टीव्ही बघत बसली. पडद्यावर कुणीतरी पुढारी तावातावाने बोलत होता. बाबांनी डोळे बारीक केले.

"हा खोटं बोलतोय," ते म्हणाले.

"तुम्हाला दिसतं?"

"तीस वर्षं मागावर काढली. आमच्या खात्यात दोनशे माग एकदम चालायचे. कानाशी येऊन बोंबललं तरी ऐकू येत नसे. पण गप्पा बंद होत्या की काय? भांडणं, लग्नं जमवणं, चहाड्या, सगळं ओठांनी आणि हातांनी. विनोदसुद्धा."

"विनोद कसे सांगायचे हातांनी?"

बाबा खुर्चीत सरसावून बसले. खूप दिवसांनी त्यांची पाठ अशी ताठ झाली होती.

"आमचा एक मुकादम होता, झुबकेदार मिशांचा. तो दारातून आला की पहिल्या रांगेतला माणूस असा मिशीला पीळ द्यायचा." त्यांनी दोन बोटांनी ओठावर पीळ दिला. "त्याला पाहून दुसरा, मग तिसरा. मुकादम चार पावलं चालायच्या आत शेवटच्या रांगेपर्यंत वर्दी. बसलेला उठायचा, झोपलेला जागा व्हायचा. मग तो मुकादम बदलून गेला आणि नवा आला. त्याला मिशीच नव्हती."

"मग खूण बदलली?"

"दोनशे माणसांची सवय, ती कशी बदलते? खूण तीच. हा बिचारा पहिल्या दिवशी आत आला, बघतो तर जो तो त्याच्याकडे बघून मिशीला पीळ देतोय. त्याला वाटलं, ह्या खात्यात नमस्कार असाच करतात." बाबांचे खांदे हलू लागले. "दुसऱ्या दिवशी दारातून आला तो स्वतःच पीळ देत आला. नसलेल्या मिशीला! ह्याला पीळ, त्याला पीळ. नऊ वर्षं. नऊ वर्षं तो आपलीच वर्दी आपण देत आत यायचा."

शेवटची वाक्यं त्यांनी आवाजात सांगितलीच नाहीत. नुसते ओठ हलले, आणि हात, आणि त्या मुकादमाची ऐट त्यांच्या मानेत उतरली. ती हसली. हसता हसता सोफ्यावरून घसरली. बाबा तिच्याकडे बघत होते, आणि तिला कळलं की अडीच महिन्यांत ह्या खोलीत झालेला हा पहिला खरा विनोद.

"मी लिहू हे?" डोळे पुसत तिने विचारलं.

बाबा बोटांनी खुर्चीचा हात चाचपत राहिले.

"लिही. पण त्याला मूर्ख करू नकोस, ठमे. मूर्ख नव्हता तो. आल्या आल्या लोकांनी आपल्याला आपलं मानलं, असं वाटलं त्याला. तो रोज आम्हाला मनापासून नमस्कार करायचा."

रविवारी तिने कानांत कापसाचे बोळे घातले आणि खिडकीत बसली.

आधी स्वतःचाच श्वास ऐकू आला. मग तोही मागे सरला आणि रस्ता हळूहळू पाण्याखाली गेला. समोरच्या दुकानातला शिंपी गिऱ्हाईकाच्या गळ्यात फीत टाकून काहीतरी समजावत होता, आणि गिऱ्हाईक मान हलवत असलं तरी त्याचे पाय दाराकडे वळलेले होते. एक बाई फोनवर भांडत चालली होती, पण मोकळ्या हाताने ती आपले केस सारखे करत होती. म्हणजे पलीकडचा माणूस तिला आवडत असणार. दोन म्हातारे बाकावर बसले होते. एकाने काहीतरी सांगितलं. दुसऱ्याला ते कळलं नाही, हे तिला वरून दिसलं. तो त्याच्या तोंडाकडे बघत थांबला, आणि नेमक्या क्षणी हसला. सांगणारा सुखावला. ऊन दोघांच्या गुडघ्यांवर सारखंच पडलं होतं. किती वेळ गेला तिला समजलं नाही. सगळं जग नुसतं हलत होतं, बोलत कुणीच नव्हतं, आणि तरी सगळं कळत होतं. बाबा रोज इथे राहतात, तिच्या मनात आलं. ह्या एवढ्या शांततेत ते एकटे राहतात, आणि मी त्यांच्यासमोर कागद धरून बसत होते. ती पुष्कळ रडली. मग कापूस न काढताच तिने लिहायला घेतलं.

मालिकेत एक मामा होता. दोन दिवसांसाठी आला आणि मुक्काम ठोकून बसला, असा. त्याला भरघोस मिशी. ती मिशी तो पुढल्या भागात उतरवणार हे ठरलेलं होतं, कारण नटाला दुसऱ्या कामासाठी तसं करणं भाग होतं. तिने प्रसंगात शेजारच्या घरी भिंत फोडायचं यंत्र सुरू केलं. कुणाचं बोलणं कुणाला ऐकू येईना. मामा येतोय, जेवण लपवा, हे सांगायला घरच्यांनी मिशीच्या पिळाची खूण काढली. मामा मिशी उतरवून जिन्यावरून खाली आला. खूण चालूच राहिली. मामाने ती पाहिली, आणि त्याचा चेहरा उजळला.

बुधवारी तिची पाळी आली तेव्हा तिने पानं कात्रीसरांसमोर ठेवली.

"वाचा," ते म्हणाले.

"वाचता येणार नाही, सर. ह्यात कुणी बोलतच नाही. करून दाखवावं लागेल."

"इथे करून दाखवत नाहीत."

"मग तुम्हीच वाचा. मनात."

लोणीने आधी तिच्याकडे आणि मग कात्रीसरांकडे पाहिलं. कात्रीसरांनी चष्मा खाली ओढला आणि वाचायला लागले. खोलीत कुणाला काही करायला उरलं नाही. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत बसले. ती बघत होती, आणि कपाळावरची एक आठी, ओठाच्या कोपऱ्यातली हालचाल, सगळं तिला मोठ्या अक्षरांत दिसत होतं. पहिलं पान उलटलं. दुसरं उलटलं. पेन्सिल हातात तशीच. एकही टिंब नाही. तिला कचेरीतली खुर्ची दिसली, तिच्या पाठीवर घालून ठेवलेला आपला जुना स्वेटरही दिसला.

तिसऱ्या पानावर कात्रीसरांनी पेन्सिल टेबलावर ठेवली. ती गडगडत जाऊन खाली पडली, त्यांना कळलं नाही. त्यांची दोन बोटं सावकाश वर गेली आणि आपल्या गुळगुळीत ओठावर, काही नसलेल्या जागी, पीळ देऊ लागली.

आधी लोणी फुटला. मग सगळे.

कात्रीसरांनी दचकून हात खाली घेतला. इतक्या वर्षांत त्यांचे कान लाल झालेले कुणी पाहिले नव्हते.

"ह्या मामाला तुम्ही मूर्ख केलेलं नाही," थोड्या वेळाने ते म्हणाले.

"मूर्ख नव्हताच तो, सर."

त्यांनी पानं नीट जुळवून घेतली. एकदा तळाशी पाहिलं, टिंब द्यायला पेन्सिल शोधली, ती मिळाली नाही.

"शनिवारी करू. आणि तुमच्या कचेरीला कळवून टाका."

"काय कळवू?"

"खेद," कात्रीसर म्हणाले.

शनिवारी दुपारी ती बाबांना घेऊन गेली. त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. तीन भिंतींच्या घरातून जाताना ते दाराशी थबकले आणि चपलांकडे हात नेला. तिने त्यांचा दंड धरला आणि पुढे नेलं. जिन्यापाशी त्यांनी वर पाहिलं, सहाव्या पायरीनंतर काही नाही, लेकीने सांगितलं होतं तसंच, हे पाहिलं, आणि समाधानाने मान डोलावली.

चित्रीकरण पाहायला आलेल्या प्रेक्षकांच्या तिसऱ्या रांगेत तिने त्यांना बसवलं. त्यांच्या पलीकडे जांभळ्या साडीतली एक बाई बसली होती. खिडकीमागच्या दिव्यावर पिवळा कागद चढला आणि घरात सकाळ झाली. शेजारचं यंत्र सुरू झालं, एवढ्या मोठ्याने की लोकांनी कानांवर हात ठेवले. बाबांनी ठेवले नाहीत.

तिने रंगमंचाकडे पाहिलं नाही. ती बाबांकडे वळून बसली होती.

बाबा लोकांकडे बघत नव्हते. डावीकडे नाही, उजवीकडे नाही, तिच्याकडेही नाही. त्यांची नजर समोर होती आणि ओठ किंचित हलत होते. रंगमंचावर आजीने खूण केली असावी. मग सुनेने. लोक थोडं हसले, पुढे काय होणार ह्याचा अंदाज घेत. मामा जिन्यावर आला असावा. बाबांचा हात मांडीवरून उठला.

आणि ते हसले. दुसरं कुणीच हसत नसताना, मामाचा चेहरा नुसता उजळलेला आणि बोट अजून उचललेलंही नसताना, एकटे बाबा खदखदून हसले.

जांभळ्या साडीतल्या बाईने चमकून त्यांच्याकडे पाहिलं. काय झालं ते तिला कळलेलं नव्हतं. तिने बाबांच्या चेहऱ्याकडे नीट निरखून पाहिलं, आणि त्यांच्याकडे बघत, एका क्षणाच्या उशिराने, तीही हसली.